कशाचे पैसे देताना जिवावर येतं?

पर्वतीपायथा

चष्मा बदलला या आठवड्यात आणि बिल बघून जे डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून धागा काढतेय. प्रोग्रेसिव्ह काचा (लांबचं-जवळचं एकाच काचेत) आणि साधी मेटलची फ्रेम, बस. बिल ११ हजारांच्या वर. फ्रेमवर आधी ५०% डिस्काउंटची पाटी, मग "मॅडम डिस्काउंट फक्त फ्रेमवर, लेन्सवर नाही", मग लेन्समध्ये चार प्रकार, त्यातला सगळ्यात स्वस्त प्रकार दाखवताना त्या मुलाचं तोंड असं की हा घेतलात तर तुम्हाला जिना सुद्धा दिसायचा नाही. वर ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारं, कोटिंग घ्याच म्हणून आग्रह, मोबाईलमुळे डोळे जातात म्हणे. ब्लू कट चष्म्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो याला चांगला पुरावा नाही असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात आलंय, मी ते वाचून गेले होते म्हणून नको म्हणू शकले. पण प्रत्येकजण हे वाचून दुकानात जात नाही ना. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, ते बिचारे प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणत होते.

मला सोनं महाग, फ्लॅट महाग यावर चर्चा नकोय, त्याने काही होत नाही. रोजच्या, महिन्याच्या, वर्षातून एकदा घ्याव्याच लागणाऱ्या अशा गोष्टी सांगा जिथे पैसे देताना आतून वाटतं की ही किंमत योग्य नाहीये. आणि जमलं तर ती तेवढी का आहे हेही लिहा, कोणी त्या धंद्यातलं असेल तर फारच बरं.

दादरकर_जुना

पहिला नंबर मल्टिप्लेक्सचं पॉपकॉर्न, यात दुमत नसावं. तिकिटापेक्षा पॉपकॉर्नचा टब महाग. चार जणांचं कुटुंब गेलं की पिक्चर बाजूला राहतो आणि खाण्याचं बिल दीड हजार. मक्याचे दाणे किलोला किती आणि त्यातून किती टब निघतात हे घरी एकदा करून बघा म्हणजे कळेल.

यावर कोर्टकचेऱ्या बऱ्याच झाल्या. आपल्याकडे २०१८ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने विधिमंडळात जाहीर केलं की बाहेरचे पदार्थ नेता येतील, लोक खूष झाले, पण थिएटरच्या दारात बॅगा तपासणं काही थांबलं नाही. मग जम्मू-काश्मीर हायकोर्टाने दिलेल्या एका निकालावरचं अपील सुप्रीम कोर्टात आलं, तिथे जानेवारी २०२३ मध्ये ठरलं की थिएटर ही खाजगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं का नाही ते मालक ठरवेल. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ द्यायला हवं हेही आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. मी दर वेळी मागतो. मिळतं. कोपऱ्यात कुठेतरी मशीन असतं, बाहेर बोर्ड नसतो.

सहज_विचार

पर्वतीपायथा, दादरकर, थोडा वेगळा विचार मांडतो. महाग वाटतं तर घेऊ नका. पॉपकॉर्न खाल्लं नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही. मॉलमधलं भाडं, एसी, स्टाफ, तिकिटातला मोठा वाटा डिस्ट्रिब्युटरला जातो, मग थिएटरवाला कमावणार कुठून तर खाण्यावर. जगभर तसंच आहे. अडीचशे रुपयांची कॉफी पिणारे कॉफीचे पैसे देत नाहीत, दोन तास बसायच्या जागेचे देतात. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी बाहेर १५ रुपयांची कटिंग आहेच की. सरकारने प्रत्येक गोष्टीची किंमत ठरवावी असं म्हणणं मला पटत नाही, त्याने वस्तूच मिळेनाशा होतात.

पर्वतीपायथा

सहज_विचार, कॉफीचं अगदी मान्य, म्हणूनच मी कॉफी लिहिलीच नाही. कॉफीवाल्याने पाचशे लावावेत, मला काही फरक पडत नाही कारण समोर टपरी आहे. माझा राग जिथे समोर टपरीच ठेवलेली नाही तिथे आहे. चष्म्याशिवाय मला बस नंबर दिसत नाही. हॉस्पिटलात पेशंट आत आहे आणि नर्स यादी देते, "खालच्याच मेडिकलमधून आणा". शाळा सांगते या एकाच दुकानातून गणवेश. अडला हरी अशी आपली अवस्था करून मग किंमत सांगायची, ती महागाई नाही, ती अडवणूक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या तर हा धागा उपयोगाचा होईल असं मला वाटतं.

हिंजवडी_फेज३

मी जे लिहितोय ते रोजचं आहे. पोळीभाजी केंद्रात एक पोळी १० रुपये. दहा! मागच्या गणपतीत उकडीचे मोदक ४० रुपयाला एक, २१ घेतले तर ८४० रुपये, तांदळाचं पीठ आणि खोबरंच आहे ना ते. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी ५० रुपये. त्यात दहा मिनिटात घरपोच वाल्या अ‍ॅपवर मागवावं तर हँडलिंग चार्ज, स्मॉल कार्ट चार्ज, पाऊस पडतोय म्हणून वेगळे पैसे. जिथे बघावं तिथे लूट चालू आहे, पगार मात्र तिथेच.

उकड_आणि_सारण

हिंजवडी दादा, मी मोदक करून विकते, गणपतीत आणि संकष्टीला. पोळ्याही असतात वर्षभर. म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

एका मध्यम नारळात दहा-बारा मोदकांचं सारण होतं. २०२५ मध्ये नारळ किती चढला होता ते बाजारात जाणाऱ्या कुणालाही माहितीये. गूळ चांगला हवा, चिक्कीचा चालत नाही, पाकासारखा होऊन सारण कडक होतं. पिठी आंबेमोहोराची किंवा बासमती तुकड्याची, तीही जुन्या तांदळाची असली तर पारी फाटते, म्हणून गिरणीत समोर उभं राहून दळून आणावी लागते. वेलची, तूप, गॅस, आता डबे पण आले. हे झालं साहित्य.

आता हात. नारळ फोडायचे, खवायचे, पाठीचा काळा भाग येऊ द्यायचा नाही नाहीतर सारण मळकं दिसतं. सारण परतायचं, ते पूर्ण गार व्हायला हवं. उकड काढायची आणि ती गरम असतानाच मळायची, हात भाजतात, तेलपाण्याचा हात लावत लावत मळायची, गार झाली की संपलं, भेगा पडतात. मग एकेक पारी अंगठ्याने दाबत फिरवत कडेला पातळ करत न्यायची, कळ्या पाडायच्या, त्या जवळ जवळ आल्या पाहिजेत, कमी कळ्यांचा मोदक घरच्यांना चालतो पण गिऱ्हाईक परत देतं. मग वर मिटवताना टोक तुटलं तर तो मोदक बाजूला. हळदीच्या पानावर वाफवायचे, आणि एकावर एक ठेवता येत नाहीत म्हणून एका वेळी थोडेच बसतात. साच्याचे करणारे पटापट करतात, त्यांचे स्वस्त असतात, ते घ्यावेत ज्यांना परवडत नाहीत त्यांनी. हाताचे हवे असतील तर पहाटे तीनला कुणीतरी उठलेलं असतं.

पोळीचं सांगते. पीठ, तेल, गॅस धरून तीन रुपयांच्या आसपास जातात. लाटणाऱ्या ताईंना आमच्याकडे पोळीमागे पैसे देतो, त्या सकाळी सहाला येतात आणि तव्यासमोर उभ्या राहतात, मे महिन्यात पण. जागेचं भाडं, नेणाऱ्याचं कमिशन. दहातून जे उरतं ते हाताचं उरतं.

थिएटरचं पॉपकॉर्न यंत्रातून पडतं आणि त्याचे चारशे देताना माणसं रांगेत उभी असतात. आमच्याकडे मात्र "ताई जरा कमी करा की, घरातलंच तर आहे" असं ऐकावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहिलं.

कल्याण_स्लो

उकड ताई, पूर्ण अनुमोदन. माझी आई पोळ्या लाटायला जायची. हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

निफाडकर

कोथिंबिरीवर मी बोलतो. नाशिकच्या बाजारात कोथिंबीर शेकड्यावर जाते, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव पुकारतात. पाऊस लागून शेतात पाणी थांबलं की पीक सडतं, आवक पडते, त्या आठवड्यात ज्याच्याकडे वाचली त्याला चांगले पैसे मिळतात आणि तीच बातमी टीव्हीवर येते. थंडीत आवक एकदम वाढते तेव्हा शेकड्याला जो भाव निघतो त्यात काढणीची मजुरी आणि गाडीभाडं निघत नाही, मग रोटर फिरवतो शेतात किंवा जनावरांपुढे टाकतो. ती ५ रुपयाची जुडी घेताना कुणी म्हणत नाही की हे फार स्वस्त आहे, दादा दहा घ्या.

कांद्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४०% शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती उघडली मे २०२४ ला, ते पण शुल्क ठेवून. नंतर २०% केलं, १ एप्रिल २०२५ पासून काढलं, पण तोवर बाहेरची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली होती. कांदाचाळीत ठेवलेला कांदा चार महिन्यांत वजनाला घटतो, सडतो, तो तोटा आमचाच. लासलगावला लिलावात जो भाव पुकारला जातो तो आणि तुमच्या सोसायटीखालच्या गाडीवरचा भाव, यांच्यात दुपटीतिपटीचं अंतर पडतं. आडत, हमाली, तोलाई, वाहतूक, पुन्हा सडका माल, आणि शेवटच्या गाडीवाल्याचं पोट. त्यातल्या कुणाला एकट्याला लुटारू म्हणता येत नाही हे मी शेतकरी असून म्हणतो. पण कांदा साठ रुपये झाला की लगेच सरकार हलतं आणि सहा रुपये झाला की कुणीच हलत नाही, हे बरोबर नाही.

हिंजवडी_फेज३

उकड ताई, निफाडकर दादा, दोन्ही प्रतिसाद घरी बायकोला वाचून दाखवले. मोदकाबद्दल आणि कोथिंबिरीबद्दल पुन्हा तसं बोलणार नाही. अ‍ॅपच्या चार्जेसबद्दल मात्र माझं मत तेच आहे. प्लॅटफॉर्म फी नावाचा प्रकार खाण्याच्या अ‍ॅपवाल्यांनी २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू केला, आज तो दहाच्या पुढे गेलाय, आणि तो कशाचा आहे ते कुणी सांगू शकत नाही कारण डिलिव्हरीचे वेगळे घेतात, पॅकिंगचे वेगळे, हॉटेलकडून कमिशन वेगळं. दोन रुपयाला माणूस भांडत नाही तिथेच यांचं जमतं. शिवाय तोच पदार्थ हॉटेलात जाऊन खाल्ला तर मेन्यूवर वेगळी किंमत. मी आता फोन करून ऑर्डर देतो आणि स्वतः जाऊन आणतो, हॉटेलवाला पण खूष असतो.

सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावरच्या कन्व्हीनियन्स फीचं पण तेच, महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये ती घेऊ नका असे आदेश काढले होते, ते मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. म्हणजे आता तो रस्ता पण बंद.

मेडिकल_काउंटर

या धाग्यावर येईन की नको असा विचार करत होतो पण औषधाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मेडिकल दुकानात बरीच वर्षं आहे.

लोकांना वाटतं एमआरपी म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत. तसं नाही. जी औषधं अत्यावश्यक यादीत आहेत त्यांच्यावर एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था, कमाल किंमत लावते, २०१३ च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे, आणि त्यात दुकानदाराचं मार्जिन १६% धरलेलं असतं. जी यादीत नाहीत त्यांची पहिली किंमत कंपनीच ठरवते, पुढे वर्षाला १०% पर्यंत वाढवता येते. कंपनी जो आकडा छापेल तो एमआरपी.

आता ट्रेड जेनेरिक. ज्या गोळीबद्दल एमआर (कंपनीचा प्रतिनिधी) डॉक्टरकडे जाऊन सांगत नाही, थेट दुकानदाराला विकली जाते, ती. तिच्यावर एमआरपी नावाजलेल्या ब्रँडच्या जवळपास छापतात आणि दुकानाला पडते छापील किमतीच्या पाव किमतीत, कधी त्याहूनही कमी. वर स्कीम, दहावर एक फुकट वगैरे. मग दुकानदार तुम्हाला २०% सूट देतो, तुम्ही खूष, तो तुमच्यापेक्षा खूष. गोळी वाईट असते असं मी म्हणत नाही. पण जी स्वस्त करता आली असती ती महाग छापून विकली जाते आणि तो फरक मधल्यांच्या खिशात जातो. "सूट किती" असं विचारू नका, "याच घटकाची दुसऱ्या कंपनीची किती रुपयांना आहे" असं विचारा. स्ट्रिपवर ब्रँडच्या जवळ घटकाचं नाव छापलेलं असतंच, ते वाचा.

जनऔषधी केंद्रं देशात आता १५,००० च्या वर आहेत. बीपी, शुगर, अ‍ॅसिडिटी, कोलेस्टेरॉल यांच्या नेहमीच्या गोळ्यांत निम्म्याहून जास्त फरक पडतो, काहींत खूपच जास्त. सॅनिटरी नॅपकिन तिथे १ रुपयाला एक मिळतं २०१९ पासून. अडचण एवढीच की सगळ्या गोळ्या सगळ्या वेळी नसतात.

आणि हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल. तिथे गोळ्यांपेक्षा सिरिंज, सलाईन सेट, कॅन्युला, हातमोजे यांच्यात खरी कमाई. २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली होती, त्यात अशा काही वस्तूंवरचं मार्जिन १७३७ टक्क्यांपर्यंत निघालं. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधवाल्या स्टेंटची २९,६०० रुपये, त्याआधी तोच लाख-दीड लाखाला लावत होते. मर्यादा आली म्हणून स्टेंट मिळेनासा झाला का? नाही झाला. सहज_विचार, हे तुमच्यासाठी.

सहज_विचार

स्टेंटचा मुद्दा घेतो, तिथे रुग्णाला निवड करायची सोयच नसते हे बरोबर. पण तो युक्तिवाद पॉपकॉर्नला लावू नये एवढंच म्हणणं होतं. पर्वतीपायथा यांनी जी फोड केली ती मला पटलेली आहे.

ग्राहक_पंच

कायद्याचं थोडक्यात, कारण दर वेळी गोंधळ होतो.

दुकानात, टपरीवर, स्टँडवर छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. "थंड आहे म्हणून पाच जास्त" हे चालत नाही, फ्रीजचं वीजबिल एमआरपीत आलेलं आहे. तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. एकाच वस्तूवर मॉलसाठी वेगळी आणि बाहेर वेगळी एमआरपी छापणं १ जानेवारी २०१८ पासून बंद आहे.

हॉटेलात मात्र वेगळं. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट बाटली विकण्याबरोबर बसायची जागा, सेवा देतात, त्यामुळे तिथे पाण्याच्या बाटलीचे एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात. म्हणून साधं पाणी मागा. सर्व्हिस चार्ज वेगळा विषय, तो बिलात आपोआप लावता येत नाही असे नियम जुलै २०२२ मध्ये आले, हॉटेलवाले कोर्टात गेले, दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये नियम कायम ठेवले. बिलात दिसला तर काढायला सांगा, शांतपणे सांगा, बहुतेक ठिकाणी काढतात. टीप द्यायची तर वेटरच्या हातात द्या.

पाण्याची किंमत किती असू शकते हे बघायचं असेल तर रेल्वेचं रेल नीर बघा, लिटरची बाटली १५ ची होती, सप्टेंबर २०२५ पासून १४. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उडान यात्री कॅफे सुरू झाला तिथे पाणी १० आणि चहा १० रुपये. म्हणजे विमानतळावर परवडत नाही हे खरं नाही.

सॅन_होजेचा_पुणेकर

चष्म्यावर इथलं सांगतो. अमेरिकेतले बरेच देशी लोक चष्मे पुण्यामुंबईतून करून आणतात, तिकडे ११ हजार तुम्हाला जास्त वाटतायत पण इथे प्रोग्रेसिव्हचे चारशे-पाचशे डॉलर सहज होतात इन्शुरन्स नसेल तर. पण एक गोष्ट इथे चांगली आहे. १९७८ पासून नियम आहे की डोळे तपासले की डॉक्टरने नंबरचा कागद न मागता पेशंटच्या हातात द्यायचा, चष्मा तिथूनच घ्या असं म्हणता येत नाही. त्यामुळे कागद घेऊन लोक ऑनलाइन किंवा होलसेल क्लबमधून निम्म्यात करतात. ताई, तुमच्या नंबरचा कागद तुमच्याकडे आहे का?

पर्वतीपायथा

नाही ना! "आमच्या सिस्टिममध्ये सेव्ह आहे मॅडम" एवढंच म्हणाले. तपासणी फुकट होती त्यामुळे मागायला संकोच वाटतो, आणि त्यातच सगळी मेख आहे असं आता लक्षात येतंय.

नंबरवाली

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून लिहिते. शक्य असेल तर तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे फी देऊन करून घ्या आणि चष्मा दुसरीकडे करा. कागदावर स्फेरिकल, सिलिंडर, अ‍ॅक्सिस आणि जवळचा अ‍ॅड एवढं असायलाच हवं. पीडी बहुतेकदा लिहिलेला नसतो, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, तो आग्रहाने लिहून घ्या कारण तो नसला की दुसरा दुकानदार म्हणतो आम्हाला पुन्हा तपासावं लागेल आणि तुम्ही परत त्याच्या खुर्चीत. प्रोग्रेसिव्हला तर फ्रेम घातल्यावर बाहुलीची उंची पण मोजावी लागते, ती मात्र जिथे फ्रेम घ्याल तिथेच मोजायची, त्यामुळे प्रोग्रेसिव्ह ऑनलाइन शक्यतो नको. साध्या एका नंबरला काही हरकत नाही.

खर्च कुठे वाढतो तर प्रोग्रेसिव्हमध्ये डिझाइनच्या पायऱ्या असतात, स्वस्तात वाचायचा पट्टा अरुंद येतो, मान जास्त फिरवावी लागते. तो फरक खरा आहे आणि दिवसभर स्क्रीनवर काम करणाऱ्याला जाणवतो. नंबर कमी असेल तर हाय इंडेक्सची, म्हणजे जास्त पातळ काचेची, गरज नाही. अँटी-ग्लेअर घ्या, रात्री गाडी चालवणाऱ्यांना उपयोग होतो. ब्लू कटचं तुम्ही लिहिलंय ते बरोबर. फ्रेम जुनी चांगली असेल तर त्यातच काचा बदलून द्या म्हणा, दुकानदार कुरकुरतो पण करून देतो.

कल्याण_स्लो

आता माझा नंबर. शाळेचा गणवेश. दोन मुलं, दोघांचे नेहमीचे दोन, पीटीचा एक, हाऊसचा टीशर्ट, मोजे सुद्धा पट्टीवाले ज्यावर शाळेचं नाव विणलेलं. सगळं एकाच दुकानात. कापड हातात घेतलं की कळतं, दोन धुण्यांत गोळे येणारं टेरीकॉट, आणि किंमत बाजारातल्या चांगल्या शर्टाच्या दुप्पट. वह्यांवर शाळेचं छापील कव्हर, साधी २०० पानी वही चालत नाही. पुस्तकांचं सगळ्यात वाईट. बालभारतीची किंवा एनसीईआरटीची पुस्तकं स्वस्त असतात, पूर्ण संच हजारभरात बसावा. पण शाळा त्याच विषयांची खाजगी प्रकाशकाची पुस्तकं लावते, सेट सात-आठ हजार, आणि पुढच्या वर्षी आवृत्ती बदलते त्यामुळे मोठ्याची पुस्तकं धाकट्याला चालत नाहीत. आम्ही भावंडं एकाच पुस्तकावर शिकलो, खाकी कव्हर तेवढं नवीन घालायचो.

शाळेत बोलायला गेलं की पोराचं नाव पुढे येईल ही भीती असते, म्हणून कुणीच एकटं बोलत नाही. यंदा आम्ही वर्गातल्या पालकांनी मिळून सहीचं पत्र दिलं की लोगोचा बिल्ला वेगळा विका, आम्ही तो कुठल्याही त्याच रंगाच्या शर्टावर शिवून घेऊ. बिल्ल्याचं मान्य केलंय, पुस्तकांचं अजून नाही. जुन्या पुस्तकांचा ग्रुप मात्र काढलाय, आवृत्ती बदलली तरी धडे बहुतेक तेच असतात, फक्त पान नंबर हलवलेले असतात, एका आईने दोन्ही समोर ठेवून पान नंबरांचा तक्ताच करून टाकला. तो तक्ता सगळ्यांना पाठवलाय.

निफाडकर

हे काम भारी केलंत तुम्ही लोकांनी. आमच्या तालुक्याच्या गावी पण इंग्लिश मिडियमवाल्यांनी हेच चालवलंय. तक्त्याची आयडिया उचलतो.

उकड_आणि_सारण

मेडिकल_काउंटर दादा, एक विचारायचं होतं. सासूबाईंना बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि थायरॉइडची गोळी आहे, तिन्ही रोज. महिन्याला बरेच पैसे जातात. जनऔषधीत एकदम सगळ्या बदलल्या तर चालेल का? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात ब्रँडच चांगला.

मेडिकल_काउंटर

ताई, एकदम सगळ्या नका बदलू. आधी स्ट्रिपवरून घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर उतरवा, ब्रँडचं नाव नको, आणि तो कागद घेऊन केंद्रात जा. एकाच गोळीत दोन घटक असतील तर दोन्ही तशाच प्रमाणात आहेत का बघा, बीपीच्या गोळ्यांत हे फार असतं. गोळीच्या नावापुढे एसआर किंवा एक्सएल (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असं काही असेल तर ते पण उतरवा, साधी गोळी त्याच्या जागी चालत नाही.

बीपी आणि कोलेस्टेरॉलची आधी बदला, पण डॉक्टरांना सांगून. "औषध बदलतेय" म्हणू नका, "याच घटकाची जनऔषधीतली घेतेय, बीपी कधी तपासू" असं विचारा, त्याला ते नाही म्हणत नाहीत सहसा. पहिले पंधरा दिवस बीपी लिहून ठेवा.

थायरॉइडची मात्र जी चालू आहे तीच ठेवा. ती मुळात फार महाग नसते आणि तिच्यात थोडासा फरक पडला तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलतो. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करायला लागेल, म्हणजे वाचवलेले पैसे लॅबला जातील. आणि बिल घ्या दर वेळी, केंद्रातलं सुद्धा, स्ट्रिपचा बॅच नंबर त्यावर असतो.

उकड_आणि_सारण

खूप आभार दादा. एक्सएल आहे एकीवर, आत्ताच स्ट्रिप बघितली. सोमवारी जाऊन येते आणि दोन्हीकडचे भाव इथेच टाकते.